सव्वा महिन्यानंतरची वाट

कोकणकन्या गाडी मुंबईहून रात्री उशिरा सुटते आणि कुडाळला पोहोचते, तेव्हा सकाळचे कोवळे ऊन फलाटावर पसरलेले असते. या गाडीत बसणारा प्रवासी एरवी चादर पसरून निश्चिंत झोपी जातो. परंतु मांडीवर सात आठवड्यांचे तान्हे मूल घेऊन निघालेल्याला झोपेचा विचार सोडूनच डब्यात पाऊल ठेवावे लागते. गेल्या मार्गशीर्षात माझी लेक, तिचा मुलगा आणि मी असे तिघे या वाटेने गेलो. त्या प्रवासाची आणि त्यापुढच्या दोन महिन्यांची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवते आहे. कारण तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरी आज दिवेलागणीला एक तान्हे मूल रडू लागेल, आणि ते का रडते आहे हे घरातल्या कोणालाही सांगता येणार नाही.

प्रथम माझ्याविषयी दोन शब्द. तीस वर्षे मी ग्रामीण भागातील आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून काम केले. बाळंतिणींना आणि मुलांना मी किती पाहिले असेल, याची मोजदाद नाही. तरीही या प्रवासाला निघण्याची वेळ माझ्याच एका चुकीमुळे आली, हे आधी कबूल केले पाहिजे.

चाळिसावा दिवस

लेकीचे बाळंतपण डोंबिवलीत झाले. गरोदरपणात तिचा रक्तदाब वाढला होता, त्यामुळे तज्ज्ञांच्या देखरेखीपासून तिला दूर नेणे योग्य नव्हते. माहेरी आणण्याचा बेत आम्ही सोडला आणि मीच तिच्याकडे जाऊन राहिले. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी बाई रोज सकाळी येई. शेजारणी अळिवाचे लाडू आणून देत. जावयांनी रजा काढली होती. बाळ रडे, पण त्याला घ्यायला कोणी ना कोणी पुढे होई.

चाळीस दिवस पुरे झाले. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना साडीचोळी देऊन निरोप दिला. जावई कामावर रुजू झाले. यजमानांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती, म्हणून मीही गावी परतले. सर्व सुखरूप पार पडले, असेच आम्ही सगळे मानून चाललो होतो.

चौथ्या दिवशी लेकीचा फोन आला. “आई, हा संध्याकाळी सहाला रडायला लागतो तो दहापर्यंत थांबत नाही. काय करू?” नोकरीत शेकडो आयांना दिलेले उत्तर माझ्या तोंडून आपसूक गेले, “दूध पुरत नसेल गं.”

पलीकडून काही आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाळाचे वजन करून आणले. महिन्याभरात ते एक किलोने वाढले होते. दिवसातून सात-आठ वेळा त्याचे लंगोट ओले होत होते. दूध उत्तम पुरत होते. चुकले होते ते माझे उत्तर, आणि त्या एका वाक्याने आधीच थकलेल्या मुलीच्या मनात मी अपराधाची एक गाठ बांधून ठेवली होती.

आणखी तीन दिवसांनी रात्री दोन वाजता पुन्हा फोन वाजला. जावयांची रात्रपाळी होती. लेक जिन्यात बसून बोलत होती. “आई, मी त्याला पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन बसले. माझे हात थरथरतायत. त्याला धरून जोरात हलवावं असं वाटलं गं मला. मी इतकी वाईट आहे का?”

मी तिला एवढेच सांगितले, “तू केलंस तेच बरोबर केलंस.” वाचकहो, हे वाक्य मी सांत्वनासाठी उच्चारले नव्हते. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने जड असते आणि मानेचे स्नायू दुबळे. त्याला काही क्षण जरी जोराने गदगदा हलवले, तरी मेंदूत रक्तस्राव होऊन कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू ओढवू शकतो. रडण्याने मात्र निरोगी मुलाला इजा होत नाही. म्हणून ज्या क्षणी आपला संयम सुटतो आहे असे वाटेल, त्या क्षणी मुलाला पाळण्यात पाठीवर निजवावे, खोलीबाहेर यावे, पाणी प्यावे, कोणाला तरी फोन करावा आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा आत जाऊन त्याला पाहावे. त्या रात्री माझ्या लेकीने नेमके हेच केले होते. असा विचार मनात येणे हे थकव्याचे लक्षण आहे, दुष्टपणाचे नव्हे.

यजमानांच्या डोळ्यावरची पट्टी तोवर निघाली होती. त्यांना शेजारच्या काकींच्या हवाली करून मी डोंबिवलीला गेले. बाळाची दीड महिन्याची लस झाली होती आणि त्यानंतरचा एक दिवसाचा कसकसही ओसरला होता. डॉक्टरांनी बाळाला आणि बाळंतिणीला तपासून प्रवासाला संमती दिली. आम्ही तिकिटे काढली.

धावत्या गाडीतली झोप

गाडी सुटेपर्यंत नातवाने डबा डोक्यावर घेतला होता. समोरच्या बाकावरील एका गृहस्थांच्या कपाळावर आठ्या उमटल्या, तर त्यांच्या पत्नीने न विचारता आपली खालची जागा आम्हांला देऊ केली. चाकांनी गती घेतली आणि बाळ हळूहळू शांत झाले. पहाटेपर्यंत हाच क्रम चालला: गाडी धावू लागली की झोप, थांबली की जाग. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो. तो सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. आत चाकांचा घोष दुप्पट झाला, कानठळ्या बसू लागल्या, आणि बाळ गाढ झोपलेले. रत्नागिरी स्थानकात सारे शांत झाले मात्र, त्याने डोळे उघडले आणि टाहो फोडला. मांडीवर बाळ घेऊन आम्ही दोघी आळीपाळीने जागत होतो, कारण बाळ हातात असताना घेणाऱ्याने डुलकी काढणे धोक्याचे असते.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. मांजरीने मानगुटीला धरून उचललेले पिलू अंग सैल सोडून निश्चल होते, हे तुम्ही पाहिले असेल. मनुष्याच्या बाळातही तसेच काहीसे घडते. जपानमधील रिकेन या संशोधनसंस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले की, आईने बाळाला घेऊन नुसते बसण्यापेक्षा घेऊन चालू लागल्यास त्याचे रडणे कमी होते, हातापायांची हालचाल मंदावते आणि हृदयाचे ठोकेही संथ होतात. २०२२ साली याच दिशेच्या पुढील अभ्यासातून त्यांनी एक उपयुक्त सूचना केली. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे एकसारखे, न थांबता चालावे. ते झोपले की लगेच खाली ठेवू नये. पाच ते आठ मिनिटे तसेच मांडीवर घेऊन बसावे आणि झोप गाढ झाल्यावर अलगद निजवावे. अंगापासून दूर होण्याचा क्षण बाळाला झोपेतही जाणवतो. “पाळण्यात ठेवले की उठते” ही घरोघरची तक्रार म्हणूनच खोटी नाही.

बाहेर उजाडू लागले होते. खिडकीतून कणकवलीनंतरची भातखाचरे दिसू लागली. कापणी झालेली, रिकामी, मधूनच एखादी गवताची उडवी. लेक खिडकीला डोके टेकून म्हणाली, “ह्याला नक्की काय हवंय, ते मला कळतच नाही.” त्या वेळी मी तिला एका जुन्या अभ्यासाविषयी सांगितले. तो तुम्हांलाही सांगते.

टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी ८० निरोगी बालकांच्या आयांना रोजच्या रडण्याची नोंद ठेवायला सांगितली होती. १९६२ साली ती निरीक्षणे प्रसिद्ध झाली. दोन आठवड्यांची बालके दिवसाकाठी सुमारे पावणेदोन तास रडत होती. हे रडणे वाढत वाढत सहाव्या आठवड्याला सुमारे पावणेतीन तासांवर गेले आणि त्यानंतर उतरू लागले. त्यातला मोठा भाग संध्याकाळच्या वेळचा होता. ही सर्व बालके निरोगी होती आणि त्यांच्या आया त्यांची नीट काळजी घेत होत्या. पुढे आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातील कुंग लोकांच्या बालकांचा अभ्यास झाला. ही बालके दिवसभर आईच्या अंगाशी बांधलेली असतात आणि घटकेघटकेला दूध पितात. त्यांच्या रडण्याचा एकूण काळ पुष्कळ कमी आढळला, परंतु पहिल्या काही आठवड्यांत चढून मग उतरण्याची रीत त्यांच्यातही तीच होती. म्हणजे हा चढ जन्माबरोबर येतो. तो आईच्या चुकीने येत नाही आणि कोणाच्या कौशल्याने टळतही नाही. काही बालकांत तो अधिकच उंच असतो. दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ निरोगी मूल असे रडत राहिले, तर त्याला ‘कोलिक’ म्हणण्याचा प्रघात १९५४ पासून पडला. बहुतेक बालकांत तीन-चार महिन्यांपर्यंत ते आपोआप ओसरते.

आता सव्वा महिन्याचा हिशेब करून पाहा. सव्वा महिना म्हणजे सुमारे अडतीस दिवस, साडेपाच आठवडे. आपल्या पूर्वजांनी बाळंतिणीला एवढी विश्रांती देऊन मोठे शहाणपण दाखवले. परंतु एकत्र कुटुंबात सव्वा महिना संपला, तरी माणसे संपत नसत. आज न्हाऊ घालणारी बाई, रजा आणि आजी या तिन्ही गोष्टी चाळिसाव्या दिवशी एकदम संपतात, आणि बाळाचे रडणे नेमके त्याच सुमारास शिखरावर पोहोचते. ज्या आठवड्यात सर्वांत जास्त हात हवेत, त्याच आठवड्यात आम्ही साडीचोळी देऊन हात मोकळे करून टाकले होते. हे मला तीस वर्षांच्या नोकरीत उमजले नव्हते. ते त्या सकाळी, गाडीत उमजले.

खळ्यातल्या फेऱ्या

कुडाळहून वालावलच्या दिशेने निघालेला रस्ता माड, पोफळी आणि काजूच्या सावलीतून जातो. पुढे कर्ली नदीचे रुंद, संथ पात्र लागते. आमची वाडी त्याच्या अलीकडे. अकरा घरे, त्यांपैकी चारांना कुलूप, कारण माणसे मुंबईला. उरलेल्या घरांत बहुतेक साठीच्या पुढचे. तेव्हा आमच्या गावाचे मनोहर चित्र रंगवण्याचा माझा हेतू नाही. इथेही हात कमी झाले आहेत. पण जे आहेत, ते हाकेच्या अंतरावर आहेत.

पहिल्याच संध्याकाळी साडेसहाला नातवाने सूर लावला. शेजारच्या काकी खळे ओलांडून आल्या आणि हात पुढे करून लेकीला म्हणाल्या, “माका दी बाय. तू जेवून घे आधी.” लेक ओशाळून म्हणाली, “काकी, तो थांबतच नाही हो.” त्यावर काकींचे उत्तर असे होते, “रडतलो मा? पोर असा तो.”

त्या वाक्याने माझ्या मुलीचा चेहरा बदललेला मी पाहिला. रडणे थांबवलेच पाहिजे, ही परीक्षा कोणीतरी तिच्यापुढून उचलून नेली होती. तिने गरम पेज घेतली आणि आतल्या खोलीत जाऊन सलग साडेतीन तास झोपली. सात आठवड्यांत इतकी झोप तिला प्रथमच मिळत होती.

बाहेर खळ्यात फेऱ्या सुरू झाल्या. आधी काकी, मग मी, मग काकींचे यजमान. बहात्तर वर्षांचे हे गृहस्थ मुलाला खांद्याशी धरून, तळहाताने त्याची मान सावरत, तुळशीपासून बेड्यापर्यंत आणि बेड्यापासून तुळशीपर्यंत संथ पावलांनी चालत राहिले. मूल रडत होतेच. परंतु तीन माणसांत वाटले गेलेले तीन तासांचे रडणे आणि बंद सदनिकेत एकटीने ऐकलेले तीन तासांचे रडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सवयीने मी वहीत वेळा टिपून ठेवल्या. पहिल्या आठवड्यात रोज सुमारे तीन तास. मग आम्ही एक बदल केला. रडू लागल्यावर उचलण्याऐवजी दिवसाही, ते शांत असतानाच, त्याला अधिक वेळ अंगाशी घ्यायचे ठरवले. कॅनडातील माँट्रियल येथे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्या बालकांना असे रोज अधिक काळ अंगावर घेतले, ती सहाव्या आठवड्याला इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली होती. कोलिक सुरू झाल्यावर मात्र या उपायाचा तितका गुण येत नाही, असे पुढे आढळले. आमच्या घरी किती फरक त्याने पडला आणि किती वय वाढल्याने, हे मला सांगता येणार नाही. दहाव्या आठवड्यात वहीत दीड तासाची नोंद आहे, बाराव्यात पाऊण तासाची.

जुन्यातले काय ठेवावे, काय सोडावे

गाव म्हटले की सल्ले आलेच. ते सगळे मी ऐकून घेतले. मानले मात्र निवडकच. तुमच्याही घरी हे सल्ले येतील, म्हणून स्पष्ट लिहिते.

मूल शांत झोपावे म्हणून त्याला काहीतरी ‘चाटवण्याची’ रीत जुनी आहे आणि तिचा इतिहास दुःखद आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया एकेकाळी तान्ह्या मुलांना अफू घातलेली बाळागोळी देत. घरी सांभाळायला कोणी नसे आणि पाळीवर जाणे भाग असे. त्या बायकांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्या झोपेत मुलांची भूक मरे, ती खंगत, आणि काही पुन्हा उठत नसत. आजही झोपेचे कोणतेही औषध, गुटी अथवा सर्दीचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय तान्ह्याला देऊ नये. ग्राइप वॉटरचीही गरज नाही. पहिले सहा महिने आईचे दूध पुरेसे असते. वरचे पाणीसुद्धा नको. मध वर्षाच्या आत मुळीच देऊ नये, कारण त्यातील जंतूंमुळे तान्ह्यांना गंभीर विषबाधा होऊ शकते.

बंद खोलीतील शेक-शेगडी आणि धुरी आम्ही बंद ठेवली. धुराने बाळाच्या श्वासमार्गाला त्रास होतो आणि कोळशाच्या विषारी वायूने जीवही जाऊ शकतो. काजळ घातले नाही. डोक्याला गोल आकार यावा म्हणून राईची उशी देतात. तीही काढून ठेवली. बाळाला सपाट, टणक गादीवर, पाठीवर निजवावे. आजूबाजूला उशा, लोड, जाड गोधड्या नसाव्यात. साडीच्या झोळीत बाळ लवकर झोपते हे खरे, पण तिच्यात अंग वाकून हनुवटी छातीला टेकली, तर श्वास कोंडतो. म्हणून आमच्याकडे झोळी समोर माणूस बसलेले असतानाच वापरली, आणि रात्रीची झोप नेहमी सपाट गादीवर.

ठेवले ते असे: कोमट तेलाचे हलके मालीश, सुती दुपट्यात सैलसर गुंडाळणे, आणि खळ्यातल्या फेऱ्या. आणखी एक गोष्ट गावाने आपोआप दिली, ती म्हणजे दिवस आणि रात्र. नवजात बालकाला चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोप लागते, परंतु दिवस कोणता आणि रात्र कोणती याचे भान त्याला जन्मतः नसते. शरीरातील ते घड्याळ पहिल्या दोन-चार महिन्यांत जुळते आणि उजेड-अंधार त्याला मदत करतात. सकाळी ओटीवरचा उजेड, माणसांची वर्दळ, कोंबड्यांचा कलकलाट. रात्री मिणमिणता दिवा, पाजताना गप्पा नाहीत, खेळवणे नाही. रात्रीच्या आईच्या दुधातही झोपेला साहाय्य करणारे मेलाटोनिन असते. शहरातल्या सदनिकेतही एवढे करता येते: सकाळी पडदे उघडावेत, रात्री मोठा दिवा आणि मोबाइलचा पडदा दोन्ही मिटवावेत.

मात्र प्रत्येक रडणे निरुपद्रवी समजू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, दूध ओढण्याचे सोडणे, अंग ढिले पडणे, हिरवी उलटी, शौचात रक्त, धाप लागणे, टाळू फुगणे, वजन न वाढणे किंवा नेहमीपेक्षा निराळे, चिरके रडणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी, त्याच रात्री डॉक्टरांकडे जावे. एरवीही रडणाऱ्या बाळाचे कपडे एकदा पूर्ण उतरवून पाहावे. पायाच्या बोटाला गुंडाळलेला आईचा एखादा केसही त्याला हैराण करू शकतो.

पहिले हसू

गावी येऊन आठवडा झाला असेल. काकींचे यजमान बाळाला समोर धरून काही पुटपुटत होते आणि बाळ त्यांच्याकडे पाहून हसले. झोपेतले ओठ हलणे नव्हे. डोळ्यांत डोळे घालून हसले. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास हे हसू येते. सारे घर आनंदले. लेक मात्र उठून मागच्या पडवीत गेली. मी मागोमाग गेले. “एवढं मी करते, आणि तो त्यांच्याकडे बघून हसला,” ती म्हणाली. थोड्या वेळाने अधिक हळू म्हणाली, “आई, खरं सांगू? मला अजून त्याच्याबद्दल तसं काही वाटतच नाही. सगळ्या म्हणतात, बघताक्षणी वाटतं.”

बघताक्षणी वाटते, हे सगळ्यांच्या बाबतीत खरे नाही. पुष्कळ आयांना ते आठवड्यांनी वाटू लागते, आणि झोप नसेल तर त्याहूनही उशिरा. बाळाचे नातेही एका मांडीपुरते नसते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ १९५४ च्या सुमारास युगांडातील खेड्यांत राहिल्या आणि त्यांनी तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले. १९६७ साली त्यावर त्यांचा ग्रंथ आला. तिथेही मुले अनेक हातांत वाढत होती. तरी मुलांना आई कोणती हे ठाऊक होते, आणि इतर माणसांशीही त्यांचे नाते जुळत होते. दुसऱ्याच्या हातात दिल्याने आईचा वाटा कमी होत नाही. हे मी तिला समजावले खरे, पण तेवढ्यावर थांबले नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असणे, बाळ झोपलेले असतानाही झोप न लागणे, कशातच रस न वाटणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणे ही प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे असतात, आणि तो उपचारांनी बरा होणारा आजार आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिच्याशी एकटीशी बराच वेळ बोलून, झोपेची आणि भेटींची घडी घालून दिली. तुमच्या घरात अशी कोणी असेल, तर तिला “मन रमव” असे सांगू नका. तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. शासनाची १४४१६ ही टेली-मानस सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे.

त्या दिवसांत गावोगाव जत्रा चालल्या होत्या. एका रात्री शेजारच्या गावी दशावतार होता. लेकीची बालमैत्रीण बोलवायला आली. लेक म्हणाली, “मी कशी येणार? तो उठला तर?” काकींनी बाळाला घेतले आणि काही न बोलता बेड्याकडे हात दाखवला. ती गेली. बाळ उठले, रडले, आम्ही फेऱ्या घातल्या. पाजण्याच्या वेळेला, दोन तासांनी, ती परत आली; अंगाला धूळ, हातात खाज्याचा पुडा, आणि राजाची नक्कल करत हसत. बाळ तिचा आवाज ऐकून माझ्या खांद्यावरून मान वळवायची धडपड करू लागले. तिने त्याला घेतले. ते तिच्याकडे टक लावून पाहत राहिले आणि मग हसले. त्या रात्री तिने त्याला पाजून झाल्यावरही बराच वेळ खाली ठेवले नाही. झोपवण्यासाठी नव्हे, नुसतेच.

माघात ती डोंबिवलीला परतली. त्या घरी खळे नाही. पण जाण्यापूर्वी तिने जावयांशी बोलून एक कागद तयार केला: सोमवारची संध्याकाळ सासूबाईंची, बुधवारची शेजारच्या आजींची, रात्रपाळी नसेल त्या सर्व रात्री दहा ते दोन बाबांचे. जावयांनी तो स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावला. रडणे तोवर जवळपास ओसरलेच होते. तरी कागद तिथेच राहू द्यायचे दोघांनी ठरवले.

तुमच्या नात्यात, इमारतीत किंवा गल्लीत कोणी नुकतीच बाळंत झाली असेल, तर बारशाला जा, झबलेटोपरे न्या. परंतु दिनदर्शिकेवर एकेचाळिसाव्या दिवसावर खूण करून ठेवा. त्या दिवशी संध्याकाळी सहाला तिच्या दारात उभे राहा, हात पुढे करा आणि तिला आधी जेवायला बसवा.